झाकण लावलं तरी लॅपटॉप झोपायला वीस-चाळीस सेकंद घेतो, डेबियन १२

जुळारी_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय इथं, लिहितोय पहिल्यांदा, काय चुकलं तर सांभाळून घ्या. माझं डीटीपीचं काम आहे, खाली दुकान वर घर. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, आणि श्रावण लागला की दिवाळी अंकांची पानं. दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड लॅपटॉप घेतला, आय फाईव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी बसवून घेतली, वर डेबियन १२ (लिनक्स) आणि एक्सएफसीई डेस्कटॉप. मशीन झकास चालतंय, तक्रार एकच, झोपायला लई वेळ लावतं.

म्हणजे झाकण लावलं की स्क्रीन काळी होते पण पॉवरचा दिवा जळतच राहतो, पंखा फिरतच राहतो, आणि वीस-बावीस सेकंदांनी एकदाचं गप होतं. कधी चाळीस. कधी झोपतच नाही. परवा झाकण लावलं, बॅगेत टाकलं आणि गाडीवरून इचलकरंजीला पार्टीकडं प्रूफ दाखवायला गेलो, तिथं बॅग उघडली तर आत तवा, भाकरी टाकली असती तर फुगली असती. आणि झोपलं तरी रात्रीतनं बॅटरी ८० वरनं ४५ वर येते, कधी कधी. कधी कधी ८० ची ७८, म्हणजे बॅटरी खराब म्हणावी तर तसंही नाही. आणखी एक, नीट झोपलं की दिवा लुकलुकतो, उशिरा झोपलं की नुसता जळत राहतो, हे काय आहे कळत नाही.

सोमवारी मात्र कधीच त्रास नाही, तीन सेकंदात गार. बायको म्हणते मशीनला पण बाजाराची सुट्टी पाळायची सवय लागली.

केलेले उपाय: स्वॅपीनेस १० केलं, वायफायचा ड्रायव्हर काढून परत टाकला, एका व्हिडिओत बघून ग्रबमध्ये (बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये) मेम स्लीप डिफॉल्ट इज इक्वल टू डीप टाकलं. फरक शून्य. आता फॉरमॅट मारायच्या विचारात आहे पण फॉन्ट परत बसवायचे म्हणजे दोन दिवस जाणार.

(कमांड सांगितल्या तर देवनागरीत लिहिल्या तरी चालतील, टर्मिनलमध्ये कशा टाकायच्या ते मला कळतं.)

---

रिकामटेकडा_रूट

भावा शटडाऊन कर की सरळ, एसएसडी आहे ना, वीस सेकंदात बूट होतंय. झोपायला वीस आणि उठायला वीस, हिशोब सारखाच.

मजाक सोड, ८ जीबी रॅम भरलेली असणार तुझी, पंधरा टॅब आणि पीडीएफ उघडे ठेवून झाकण लावतोस, तेवढं सगळं डिस्कवर लिहायला वेळ लागणारच. रॅम रिकामी करून झाकण लावून बघ.

---

पेंग्विनकाका

रूटशेठ, तुम्ही सांगताय ते हायबरनेट. साध्या सस्पेंडमध्ये रॅममधलं काहीच कुठं लिहीत नाहीत, रॅमला करंट चालू ठेवून बाकीच्यांचा बंद करतात, म्हणून रॅम भरलेली असो की रिकामी, वेळ तोच. डिस्कवर जातं ते फक्त अर्धवट राहिलेलं लिखाण, त्यावर नंतर बोलू.

जुळारीराव, फॉरमॅट अजिबात मारू नका. तुमच्या पोस्टमध्ये मला एकच गोष्ट खटकली आणि तीच कामाची आहे, वीस आणि चाळीस. स्लो मशीन असतं तर कधी बारा, कधी सतरा, कधी एकतीस असं काहीही आलं असतं. वीसच्या पटीत येतंय म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून वाट बघतंय आणि वेळ संपली की सोडून देतंय. मशीन हळू झोपत नाहीये, झोपायला जातंय, जमत नाहीये, परत प्रयत्न करतंय.

झाकण लावल्यावर काय काय होतं ते थोडक्यात सांगतो म्हणजे लॉग वाचताना बरं पडेल. आधी सिस्टमडीचा (मागं सगळा कारभार बघणारा प्रोग्रॅम) लॉगिनडी सगळ्यांना सांगतो की झोपायची वेळ झाली, ज्यांना आवराआवर करायची त्यांना मुदत देतो, ती डिफॉल्ट ५ सेकंद. मग कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, हातात जातं. कर्नल पहिल्यांदा फाइलसिस्टिम सिंक करतो (बाकी राहिलेलं डिस्कवर लिहून टाकतो), मग चालू असलेले सगळे प्रोग्रॅम गोठवतो, मग कर्नलचे स्वतःचे धागे, मग एकेक डिव्हाइस बंद, शेवटी एक सोडून बाकी सीपीयू बंद, आणि मग फर्मवेअरला म्हणतो घे बाबा. यातलं कुठं अडकतंय ते लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं, अंदाज बांधायची गरजच नाही.

तीन गोष्टी बघून सांगा. एक, ज्या दिवशी वेळ लागला त्याच दिवशी, रीबूट न करता, जर्नलसीटीएल मायनस बी. त्यात लॉगिनडीची लिड क्लोज्ड अशी ओळ शोधा आणि तिथून पुढं पीएम सस्पेंड एंट्री या ओळीपर्यंत किती सेकंद गेले बघा. मधे वेळ गेला असेल तर दोष वरच्या मंडळींचा, कुणीतरी इनहिबिटर (झोप अडवून धरणारी विनंती) धरून बसलंय, सिस्टमडी-इनहिबिट मायनस मायनस लिस्ट मारलं की नावं दिसतात. एंट्रीनंतर वेळ गेला असेल तर कर्नलच्या आत. दोन, सिस पॉवर मेम स्लीप ही फाइल कॅट करा, चौकोनी कंस कुणाभोवती आहे ते सांगा. तीन, सिस पॉवरमध्येच सस्पेंड स्टॅट्स नावाचं फोल्डर आहे, त्यात सक्सेस, फेल आणि फेल्ड फ्रीझ या फाइलींत काय आकडे आहेत.

---

चौथी_सीट

मधेच घुसतोय माफ करा पण माझंही सेम, फक्त माझ्याकडं वीस नाही तर चक्क तीन मिनिटं. आणि रोज नाही, पेनड्राइव्ह लावलेला असला की. लॅपटॉप नवीन आहे, १६ जीबी रॅम, लिनक्स मिंट. लग्नाचे व्हिडिओ वगैरे कॉपी करतो, कॉपी पूर्ण झाल्याचं दाखवतं, मी झाकण लावतो आणि मग कर्जत येईपर्यंत पंखा चालू (बरं, अतिशयोक्ती, पण बदलापूरपर्यंत नक्की).

---

पेंग्विनकाका

चौथी सीट, तुमचं वेगळं दुखणं आहे, पण सांगतोच, मघाशी म्हटलं ना अर्धवट लिखाण, ते हेच.

कॉपी पूर्ण झाली असं जे दिसतं ते खोटं असतं. लिनक्स फाइल आधी रॅममध्ये ठेवून घेतो आणि सवडीनं पेनड्राइव्हवर लिहितो. किती ठेवून घ्यायचं याची मर्यादा डिफॉल्टला मोकळ्या मेमरीच्या २० टक्के, ती काढली तेव्हा रॅमच तुटपुंजी होती, आता १६ जीबीवर ती मर्यादा सहज दोन-अडीच जीबी होते. तुमचा पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहीत असेल आणि दीड जीबी बाकी असेल तर १८० सेकंदांच्या पुढंच जाणार, आणि ते सगळं लिहून होईपर्यंत कर्नल झोपणार नाही, झोपलाही नाही पाहिजे. लॉगमध्ये फाइलसिस्टिम्स सिंक पुढं सेकंद दिलेले असतात, तिथं बघा, १८६ वगैरे काहीतरी दिसेल.

उपाय साधा, पेनड्राइव्ह नीट इजेक्ट करायचा, मग झाकण. तेवढा धीर नसेल तर ईटीसीतल्या सिससीटीएल डॉट डी मध्ये एक फाइल करून व्हीएम डॉट डर्टी बॅकग्राउंड बाइट्स ३३५५४४३२ आणि व्हीएम डॉट डर्टी बाइट्स १३४२१७७२८ ठेवा, म्हणजे ३२ आणि १२८ एमबी. मग कॉपीचा बार खरं बोलायला लागेल, हळू पुढं सरकेल, पण शेवटी बाकी राहिलेलं जास्तीत जास्त पंधरा-सोळा सेकंदांचं असेल.

---

चौथी_सीट

काका १७१ आलं!! सिंकपुढं १७१ सेकंद. म्हणजे इतके दिवस मी पेनड्राइव्ह तसाच उपटत होतो ते... बरं झालं कुणाच्या लग्नाचा अल्बम गेला नाही. नंबर टाकतो रात्री.

---

जुळारी_कोल्हापूर

काका लॉग काढला, आज संध्याकाळी मुद्दाम झाकण लावून घड्याळ धरून बसलो होतो, २३ सेकंद लागले. वरच्या मंडळींत काही नाही, लिड क्लोज्डनंतर एका सेकंदात सस्पेंड एंट्री आलीय. त्यापुढचं हातानं उतरवून देतोय, मधल्या बऱ्याच ओळी गाळल्यात:

पीएम: सस्पेंड एंट्री – डीप
फाइलसिस्टिम्स सिंक: ०.०२१ सेकंद
फ्रीझिंग युजर स्पेस प्रोसेसेस...
फ्रीझिंग ऑफ टास्क्स फेल्ड आफ्टर २०.००७ सेकंद्स – १ टास्क्स रिफ्यूझिंग टू फ्रीझ
टास्क: पूल-टंबलरडी, स्टेट: डी
...रिक्वेस्ट_वेट_आन्सर
...फ्यूज_सिंपल_रिक्वेस्ट
रीस्टार्टिंग टास्क्स... डन
पीएम: सस्पेंड एक्झिट
पीएम: सस्पेंड एंट्री – एस२आयडल

आणि याच्यानंतर सगळं सुरळीत, झोपलं. मेम स्लीपमध्ये कंस डीपभोवती आहे. स्टॅट्समध्ये सक्सेस ३१, फेल १४, फेल्ड फ्रीझ पण १४. मशीन बारा दिवस रीबूट केलेलं नाही.

टंबलरडी काय प्रकार आहे? मी असलं काही टाकलेलं नाही.

---

सडाशिंपण

दादा, टंबलर म्हणजे एक्सएफसीईचा थंबनेल बनवणारा, फोल्डर उघडलं की फाइलींची छोटी चित्रं दिसतात ना, ती हा करतो. तो एकटा झोपायला तयार नाहीये, पण मला वाटतं दोष त्याचा नाही. स्टेट डी आणि फ्यूज हे दोन शब्द एकत्र दिसले की मी आधी एकच प्रश्न विचारते, नेटवर्कवरचं एखादं फोल्डर माउंट केलंय का, म्हणजे आपल्याच मशीनवर असल्यासारखं जोडलंय का? एसएसएचएफएस किंवा आरक्लोन किंवा तसलं काही? आणि ते सोमवारी नसतं का?

---

जुळारी_कोल्हापूर

ताई तुम्ही ज्योतिषी आहात काय.

आहे. खाली दुकानात जुना डेस्कटॉप आहे, सगळी पानं, फॉन्ट, गिऱ्हाइकांचे फोटो त्याच्यावर. वर बसून काम करता यावं म्हणून जिन्यातनं लॅनची वायर ओढलीय आणि एसएसएचएफएसनं त्याचं कामे नावाचं फोल्डर लॅपटॉपवर माउंट करतो. सोमवारी दुकान बंद, डेस्कटॉप बंद, म्हणून माउंटच नसतं. बाप रे. हे दोन वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही, मी त्याला मशीनचा मूड समजत होतो.

पण काका ताई, एक कळत नाही, फोल्डर माउंट असलं तरी रोज होत नाही. मंगळवारी झालं, बुधवारी नाही.

---

सडाशिंपण

कारण माउंट असणं पुरेसं नाही, त्या नेमक्या क्षणी कुणीतरी त्यातून काहीतरी मागत असलं पाहिजे.

कर्नल सगळ्या प्रोग्रॅमना एकदम गोठवायला घेतो, कोण आधी कोण नंतर याचा काही क्रम नाही. तुमचं एसएसएचएफएस हा पण एक साधा प्रोग्रॅमच, फाइलसिस्टिम असला तरी कर्नलच्या आत नाही, बाहेर चालतो, फ्यूजची गंमतच ती आहे. आता समजा टंबलरनं एक पीडीएफ मागितली, मागणी एसएसएचएफएसकडं गेली, आणि तेवढ्यात एसएसएचएफएस गोठला. टंबलर ताट घेऊन पंगतीत बसलाय आणि वाढणारा झोपी गेलाय. उत्तर आल्याशिवाय उठायचं नाही अशा अवस्थेत टंबलर अडकलेला, ती अवस्था म्हणजे डी, आणि डी मधल्याला गोठवता येत नाही. कर्नल वाट बघतो, किती तर २० सेकंद, ते सिस पॉवर पीएम फ्रीझ टाइमआउटमध्ये २०००० मिलिसेकंद असं लिहिलेलंच आहे. वीस झाले की म्हणतो राहू दे, आणि सगळ्यांना परत उठवतो.

मग डोळ्याचं पातं लवतंय तोवर दुसरा प्रयत्न. तेवढ्या फटीत एसएसएचएफएसनं उत्तर दिलं आणि टंबलर मोकळा झाला तर दुसऱ्या वेळी जमतं, तुमचे २३ सेकंद. परत तसंच अडकलं तर चाळीस आणि मशीन जागं. दिवाळी अंकाचं फोल्डर उघडं असेल, शंभर पीडीएफ असतील, टंबलर त्यांची चित्रं काढत बसला असेल तर अडकायची शक्यता जास्त. बुधवारी ती खिडकी बंद असेल.

एक विचारू, इचलकरंजीला गेलात त्या दिवशी वायर आधी काढली होती की झाकण आधी लावलं?

---

जुळारी_कोल्हापूर

वायर आधी. घाईत होतो, वायर उपसली, झाकण लावलं, निघालो.

---

सडाशिंपण

मग झालं तर. वायर काढल्यावर उत्तर येणारच नाही, पहिल्या वेळीही नाही आणि दुसऱ्या वेळीही नाही. टंबलर ताट घेऊन बसून राहिला आणि मशीन बॅगेत जागं. भाकरी तिथंच भाजली तुमची.

वायफायवाल्यांनी इथं जास्त जपायला हवं, कारण नेटवर्क मॅनेजर झोपायच्या आधी वायफाय स्वतःच तोडतो, म्हणजे त्यांची वायर प्रत्येक वेळी आधीच उपसलेली. दादांची लॅन मला वाटतं ईटीसी नेटवर्क इंटरफेसेसमध्ये हातानं लिहिलेली असणार, डेबियनवर तसं असलं की नेटवर्क मॅनेजर तिला हात लावत नाही.

---

पेंग्विनकाका

ताईंनी सगळं सांगितलं, मी फक्त बॅटरीचं सांगतो कारण मला त्यातच मजा वाटली.

लॉगची शेवटची ओळ परत वाचा. पहिला प्रयत्न डीप, दुसरा एस२आयडल. सिस्टमडीकडं एक यादी असते, मेम, स्टँडबाय, फ्रीझ. पहिलं जमलं नाही की पुढचं. स्टँडबाय या मशीनवर नसेल म्हणून ते वगळलं, आणि फ्रीझ म्हणजेच एस२आयडल. डीप म्हणजे रॅम सोडून जवळपास सगळ्याचा करंट बंद, एस२आयडल म्हणजे सगळे नुसते डोळे मिटून पडलेत, करंट चालूच. नवीन मशीन एस२आयडलमध्ये पण छान झोपतात, ती त्यासाठीच बनवलेली असतात, पण तुमचं जुनं मशीन डीपसाठी बनवलेलं, त्याला हे डोळे मिटून पडणं महागात पडतं. म्हणून ८० चे ४५. आणि दिवा लुकलुकतो तो फर्मवेअर लुकलुकवतो, त्याला कळलं की आपण डीपमध्ये आहोत तरच. एस२आयडलमध्ये त्याला कुणी सांगतच नाही. म्हणजे उशिरा झोपणं, बॅटरी उतरणं, दिवा न लुकलुकणं ही तीन दुखणी नव्हेत, एकच आहे. आणि ग्रबमध्ये डीप टाकून उपयोग का झाला नाही तेही कळलं असेल, डीप आधीपासूनच होतं, डीपपर्यंत पोचत नव्हता.

---

रिकामटेकडा_रूट

मग तो टाइमआउटच कमी करा ना. २०००० च्या जागी ३००० इको केलं की तीन सेकंदात फेल, लगेच दुसरा प्रयत्न, पाच सेकंदांत विषय संपला. किंवा डेबियन १३ टाका, नवीन सिस्टमडी, हे सगळं सुटलं असेल त्यात.

---

पेंग्विनकाका

आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. टाइमआउट कमी केला की लवकर हरेल, जिंकणार नाही. बॅटरी उतरायची ती उतरणारच कारण शेवटी एस२आयडलमध्येच जाणार. वरून एखाद्या दिवशी डिस्क खरंच कामात असेल आणि कुणाला गोठायला चार सेकंद हवे असतील तर धडधाकट मशीनही झोपायचं राहील.

डेबियन १३ मध्ये सिस्टमडी २५७ आहे आणि २५६ पासून झोपायच्या आधी युजरची सगळी सेशन्स आधी गोठवायला लागलेत. त्यानं प्रकार बदलेल, पण वाढणारा आणि जेवणारा दोघं एकाच सेशनमध्ये असतील तर भांडण तेच राहील. अपग्रेड करा, जरूर करा, पण दिवाळी अंक छापून झाल्यावर.

---

सडाशिंपण

उपाय. मी तीन सांगते, दादा तुम्हाला पहिले दोन पुरतील असं वाटतंय.

सगळ्यात सोपा, थुनारच्या (एक्सएफसीईचा फाइल मॅनेजर) प्रेफरन्सेसमध्ये डिस्प्लेमध्ये शो थंबनेल्स असतं, ते नेव्हर करा. पीडीएफची चित्रं नाही दिसली तर काही अडत नाही, नावं नीट दिली असली तर. पण एवढ्यावर थांबू नका, उद्या टंबलरच्या जागी दुसरं कुणीतरी ताट घेऊन बसेल, बॅकअप, सर्च, काहीही.

दुसरा म्हणजे झोपायच्या आधी माउंटच काढून टाकणारी छोटी स्क्रिप्ट. यूएसआर लिब सिस्टमडी सिस्टम-स्लीप या फोल्डरमध्ये एक फाइल ठेवायची, रूटच्या मालकीची, चालवता येण्यासारखी. सिस्टमडी झोपायच्या आधी तिला प्री आणि उठल्यावर पोस्ट असा पहिला शब्द देऊन बोलावतो. प्री असेल तेव्हा दोनच ओळी, पीकिल मायनस ९ मायनस एक्स एसएसएचएफएस, आणि यूमाउंट मायनस एल पुढं तुमच्या फोल्डरचा पत्ता. क्रम महत्त्वाचा आहे. नुसतं यूमाउंट मायनस एल केलं तर फोल्डर दिसेनासं होतं पण आत अडकलेला अडकलेलाच राहतो. एसएसएचएफएसलाच मारलं की कर्नल ते कनेक्शन बंद धरतो आणि वाट बघणाऱ्याला एरर देऊन मोकळं करतो. वायर काढलेली असली तरी हे चालतं.

पण हे वाचा नीट: त्या फोल्डरमधली फाइल उघडी असेल आणि सेव्ह केलेली नसेल किंवा नुकतीच सेव्ह मारून लगेच झाकण लावलं असेल तर ती अर्धी जाऊ शकते. मायनस ९ कुणाची भीड ठेवत नाही. सेव्ह करा, दोन सेकंद थांबा, मग झाकण.

तिसरा, एफएसटॅबमध्ये (काय कुठं माउंट करायचं त्याची फाइल) एक्स-सिस्टमडी डॉट ऑटोमाउंट आणि एक्स-सिस्टमडी डॉट आयडल-टाइमआउट ६० अशी ओळ टाकली की फोल्डरला हात लावला तरच माउंट होतं आणि मिनिटभर कुणी वापरलं नाही की आपोआप सुटतं. छान आहे, पण रूटच्या कीचा आणि परमिशनचा घोळ निस्तरावा लागतो, आधी वरचे दोन करून बघा.

---

पेंग्विनकाका

यात माझं एक शेपूट. ईटीसी सिस्टमडी स्लीप डॉट कॉन्फमध्ये सस्पेंड स्टेट इज इक्वल टू मेम एवढंच ठेवा, म्हणजे तो गुपचूप एस२आयडलवर घसरणार नाही. जमलं तर डीप, नाहीतर नापास, आणि नापास झालेलं लगेच कळेल.

---

सडाशिंपण

काका, इथं मी तुमच्याशी सहमत नाही. कळणार कुणाला? झाकण लावलेलं, बॅगेत टाकलेलं. एस२आयडलमध्ये निदान पंखा थांबतो, बॅटरी उतरेल पण तवा होणार नाही. दादा गाडीवरून फिरणारे आहेत, त्यांना घसरायची सोय राहू दे.

---

पेंग्विनकाका

हं. मी टेबलावरच्या मशीनच्या हिशोबानं बोललो. दोष शोधेपर्यंत माझं म्हणणं, शोधून झाल्यावर ताईंचं. आता शोधून झालाय तेव्हा राहू दे ती यादी.

जुळारीराव, तपासायला रोज संध्याकाळची वाट बघू नका. सिस पॉवर पीएम टेस्टमध्ये फ्रीझर असं इको करा आणि मग सिस्टमसीटीएल सस्पेंड. खरं झोपत नाही, फक्त गोठवून बघतो, ५ सेकंद थांबतो आणि परत येतो. कामेचं फोल्डर उघडं ठेवून दहा वेळा करा, आधी स्क्रिप्टशिवाय, मग स्क्रिप्टसकट. फेल्ड फ्रीझचा आकडा वाढतोय का बघा.

---

जुळारी_कोल्हापूर

काका केलं. स्क्रिप्टशिवाय दहात चारदा फेल, मुद्दाम दिवाळी अंकाचं फोल्डर उघडून, जुनी थंबनेल पुसून. स्क्रिप्टसकट दहात शून्य. वायर उपसून पण केलं, शून्य. लई भारी वाटलं, चहा टाकला.

पण आता नवीनच. झाकण लावलं की झोपल्यासारखं करतं आणि पाच सेकंदांनी आपोआप जागं होतं, स्क्रीन चालू, पंखा चालू. आधी निदान उशिरा का होईना झोपत होतं!

---

सडाशिंपण

पीएम टेस्टमध्ये परत नन (इंग्रजी none, म्हणजे चाचणी बंद) लिहिलंत का?

---

जुळारी_कोल्हापूर

नाही 🙈

---

पेंग्विनकाका

माझी चूक, सांगायला हवं होतं. नन इको करा नाहीतर रीबूट करा, रीबूटनंतर ते राहत नाही.

---

जुळारी_कोल्हापूर

आठ दिवसांनी येतोय सांगायला. सक्सेस २६, फेल शून्य. झाकण लावल्यापासून दिवा लुकलुकेपर्यंत तीन सेकंद, काल मोबाईलचं स्टॉपवॉच लावून मोजलं. रात्री ९० ला ठेवलं, सकाळी ८८. काल इचलकरंजीला परत जाऊन आलो, बॅग थंड, पार्टीनं प्रूफात सतरा चुका काढल्या तो भाग वेगळा.

उठल्यावर फोल्डर परत माउंट करायला लागतं तेवढं आहे, त्यासाठी पॅनेलवर एक बटण केलंय, दाबलं की माउंट. पोस्टमध्ये घालून आपोआप करावं म्हणत होतो पण सोमवारी डेस्कटॉप बंद असला की उगीच शोधत बसेल, म्हणून बटणच बरं. थंबनेल बंद केल्यावर बायको म्हणाली पत्रिकांचे डिझाइन गिऱ्हाइकाला दाखवताना चित्रं लागतात, म्हणून तिच्यासाठी निवडक डिझाइनचं एक फोल्डर लॅपटॉपवरच कॉपी करून ठेवलंय आणि थंबनेल परत चालू केलीत. स्क्रिप्ट आहे म्हटल्यावर चालेल ना ताई?

---

सडाशिंपण

चालेल. फक्त सेव्ह करून दोन सेकंद थांबायचं ते वहिनींना पण सांगून ठेवा.

---

रिकामटेकडा_रूट

मी पण बघितलं माझ्या मशीनवर, फेल्ड फ्रीझ ६. आरक्लोन माउंट आहे. कुणाला बोलू नका.